लिनक्सचे पैसे कोणी भरले?

लिनक्स या संगणकप्रणालीच्या पहिल्या परवान्यात पैसे घ्यायला चक्क मनाई होती. १९९१ मध्ये आपलं काम जगापुढे ठेवताना लिनस टॉरवाल्ड्सने अट घातली, की वाटायचं तर फुकट वाटा, हाताळणीचा खर्चसुद्धा घेऊ नका. पण फ्लॉपीचा आणि टपालाचा खर्च कोणी पदरचा का करावा? १९९२ मध्ये त्याने जीपीएल हा परवाना स्वीकारला आणि लिनक्स विकायची वाट मोकळी झाली. जीपीएलचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांना विक्रीचं वावडं कधीच नव्हतं. १९८५ मध्ये ते स्वतः आपल्या ईमॅक्स या मजकूर-संपादकाची टेप १५० डॉलरला पाठवत. घेणाऱ्याला कोड वाचता, बदलता आणि पुढे देता आला पाहिजे, एवढाच त्यांचा आग्रह.

आपल्याकडे लिनक्स घरोघरी आलं ते सीडीवरून. दिल्लीकडच्या 'पीसीक्वेस्ट' मासिकाने नव्वदच्या दशकातच अंकासोबत लिनक्सची सीडी दिली; २००३ पासून दिल्लीतूनच 'लिनक्स फॉर यू' निघू लागलं. दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, नेहरू प्लेसच्या संगणक-बाजारातून जुळवून आणलेल्या संगणकासमोर बसलेल्या पोराला 'डाउनलोड फुकट आहे' हे सांगून काय उपयोग होता? डायल-अपवर सेकंदाला पाच केबी आले तरी ६५० एमबीच्या एका सीडीला दीड दिवस लागायचा. मध्येच बाहेरच्या खोलीत कोणी फोन उचलला की सगळं मुसळ केरात. शिवाय महिनाअखेर फोनचं बिल वडिलांच्या हातात. त्यापुढे अंकाची किंमत किरकोळ होती. ती मोजताना मात्र एक सोयीस्कर समजूत रुजली: पैसे तबकडीचे, आतला माल फुकटचा. मग उबंटू या लिनक्सच्या आवृत्तीने तबकडीचेही पैसे सोडले. मार्क शटलवर्थ यांची कंपनी टपालखर्चासकट सीडी घरपोच पाठवायची, भारतातसुद्धा. एप्रिल २०११ मध्ये ते बंद झालं. तोवर ब्रॉडबँड आलं होतं, आणि किंमत लावायला तबकडीच उरली नाही.

दरम्यान लिनक्स विकणाऱ्या रेड हॅट या कंपनीने २००३ च्या सुमारास खोक्यातलं लिनक्स विकणं सोडलं आणि वर्षाची वर्गणी सुरू केली. वर्गणी जबाबदारीची होती: दुरुस्त्या वेळेवर मिळणार, रात्री सर्व्हर बसला तर फोन उचलणारं कोणी असणार. पण कोड खुला होता. म्हणून २००४ मध्ये सेंटओएस आलं: रेड हॅटचाच कोड, फक्त नाव आणि बोधचिन्ह काढलेलं. मूळ कंपनीचा उल्लेखही 'उत्तर अमेरिकेतील एक नामांकित विक्रेता' असा आडून.

सरोजिनी नगरच्या बाजारात फिरलेल्याला यात नवल वाटणार नाही. तिथल्या एक्स्पोर्ट सरप्लसच्या शर्टाच्या कॉलरमागे कापलेल्या लेबलचा तुकडा मानेला टोचत राहतो. शिलाई तीच, कापड तेच, फक्त नाव गेलेलं. फरक इतकाच, की त्या शर्टाचे दीडदोनशे रुपये तरी मोजावे लागतात.

सेंटओएस पुढे रेड हॅटच्याच छत्राखाली गेलं आणि डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं, की आठवी आवृत्ती २०२९ ऐवजी २०२१ अखेरच संपेल. मोठा गदारोळ झाला. दिलेला शब्द मोडला हा राग रास्तच होता. पण ज्यांचे धंदे वर्षानुवर्षं फुकटच्या सेंटओएसवर चालले, त्यांनी 'आम्हाला फसवलं' म्हणावं, हे मला पटलेलं नाही.

कारण भरणारा कोणीतरी असतोच. मराठीचंच घ्या. लिनक्सवर मराठी नीट दिसू लागली ती बऱ्याच अंशी लोहित फॉन्टमुळे. हे फॉन्ट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे. रेड हॅटने ते मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले केले. वर्गणी भरणाऱ्या गिऱ्हाइकांवर उभी असलेली कंपनी होती म्हणून हे जमलं. त्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांना मराठी वाचताही येत नसेल.

नुसत्या सदिच्छेवर सोडलं तर काय होतं, तेही दिसलं आहे. 'एलिमेंटरी ओएस' ही लिनक्सची आवृत्ती उतरवून घेताना रक्कम आपणच टाकायची, शून्यसुद्धा चालतं. २०१५ मध्ये त्यांनीच सांगितलं, की ९९.८७५ टक्के लोक काहीच देत नाहीत. म्हणजे आठशेत एक देतो. शून्य टाकणाऱ्यांना त्यांनी लबाडीचा दोष दिला, तेव्हा लोक भडकले आणि मजकूर बदलावा लागला. लोक भडकले ते बरोबरच होतं: मोकळीक द्यायची आणि मग ती घेणाऱ्याला चोर म्हणायचं, हे कसं चालेल? पण आकडा खोटा नव्हता. आदल्याच वर्षी, २०१४ मध्ये, हार्टब्लीड नावाची त्रुटी सापडली तेव्हा उघड झालं होतं, की अर्ध्या इंटरनेटचं कुलूप असलेल्या ओपनएसएसएल या मुक्त सॉफ्टवेअरला वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर देणग्या मिळत होत्या.

तेव्हा शिकणाऱ्या मुलांनी शून्य टाकून निःसंकोच उतरवून घ्यावं. लिनक्स वाढलं ते अशाच पोरांमुळे. पण ज्या बँका, कंपन्या आणि कचेऱ्या त्यावर रोजचा कारभार चालवतात, त्यांच्यासाठी ते फुकट नसावं. केंद्र सरकारने मार्च २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण जाहीर केलं. आता निविदेत सर्व्हर, केबल आणि खुर्च्यांच्या यादीखाली, ज्यांचं सॉफ्टवेअर वापरायचं त्यांच्यासाठीही एक रकाना ठेवावा, आणि तो भरलेला असावा.