कोंबडीची बाजू

कुत्रा पाळणाऱ्याला लोक हौशी म्हणतात, म्हैस पाळणाऱ्याला कष्टाळू म्हणतात, आणि पोपट पाळणाऱ्याला काहीच म्हणत नाहीत, कारण जे काही म्हणायचं ते पोपटच म्हणतो. पण मराठवाड्यात राहून एखाद्यानं बदकं पाळली, तर लोक थोडा वेळ त्याच्याकडं नुसतं बघतात आणि मग हळूच विचारतात, "का हो?" या प्रश्नात कुतूहल कमी आणि काळजी जास्त असते. ज्या मुलखात उन्हाळ्यात माणसालाच पाणी टँकरनं येतं, तिथं बदकानं कुणाच्या भरवशावर जन्म घ्यावा?

आमच्या दाजींना हा प्रश्न आजवर पुष्कळांनी विचारून झाला आहे. दाजी म्हणजे ताईचे यजमान. उभा जन्म त्यांनी औरंगाबादेत हिशेब तपासण्यात घालवला. निवृत्त होऊन पैठण रस्त्याला बिडकीनच्या पुढं तीन एकरांत शेतवस्ती करून राहिले. 2023 साली शहराचं छत्रपती संभाजीनगर झालं, तोवर दाजी पुरते शेतकरी झाले होते. म्हणजे बोलताना आभाळाकडं बघायला लागले होते. बदकांबद्दल विचारलं की ते म्हणतात, "पैठणला नाथसागरावर दर हिवाळ्यात परदेशी बदकं येतात. कुणी आवतण दिलंय त्यांना? त्यांना आपलं पाणी चालतं, मग माझ्याच बदकांना काय धाड भरलीय?"

यावर उत्तर नाही. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, हे खरंच आहे.

तर नात्यातल्या एका पाहुण्यांनी टोपलीत भुसा घालून बदकाची नऊ अंडी आणून दिली. जात खाकी कॅम्पबेल. विसाव्या शतकाच्या तोंडावर इंग्लंडात ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या कॅम्पबेल नावाच्या बाईंनी ही जात तयार केली. चांगलं खाणंपिणं मिळालं तर ही बदकीण वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते. दाजींच्या तोंडाला पाणी सुटलं ते या आकड्यानं. पण हिशेबात एक मेख होती. ही बदकीण अंडी घालते आणि निघून जाते. उबवायला बसत नाही. बसणारी बदकीण बसल्या काळात अंडी देत नाही, हा धंद्याला तोटा. म्हणून माणसानं पिढ्यान् पिढ्या न बसणाऱ्याच निवडून वाढवल्या आणि तिचं आईपणाचं खातंच बंद करून टाकलं. आता पिल्लं हवीत तर आई कुठून आणायची? आपल्याकडं साखर संपली की काय करतात? शेजारी जातात.

शेजारच्या वस्तीवरच्या आजींची एक गावरान कोंबडी नेमकी खुडूक झाली होती. ज्यांनी खुडूक कोंबडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: तिचं अंडी घालणं थांबतं, अंग फुगतं, आवाज घोगरा होतो, आणि ती एका कोपऱ्यात जी बसते ती उठत नाही. हात लावाल तर चोच मारते. खाली अंडी असलीच पाहिजेत असंही नाही, गारगोटीवरसुद्धा बसते. एरवी अशी कोंबडी पाण्यात बुचकळून तिचं खुडूक मोडतात. दाजी म्हणाले, "बुचकळण्यापेक्षा मला द्या." आजींनी दिली. देताना एवढंच म्हणाल्या, "नेता तं न्या दादा, पन पिल्लं निघाल्यावर तिच्यापासून तोडू नका."

कोंबडी बसली. आता कोंबडीची अंडी एकवीस दिवसांत फुटतात आणि बदकाची अठ्ठावीस. म्हणजे सात दिवसांचा ओव्हरटाइम, आणि तोही न सांगता. दिवसातून एकदा ती उठायची, चार दाणे टिपायची, पाणी प्यायची आणि कुणीतरी खुर्ची बळकावेल अशा लगबगीनं परत जाऊन बसायची. अंडी जड, तिला नीट उलटता येत नव्हती, म्हणून ताई हातानं उलटायची आणि चोचा खायची. शेवटी शेवटी बदकाच्या अंड्यांना जरा ओल लागते, म्हणून वर कोमट पाण्याचा शिपकारा मारायची. एकविसावा दिवस गेला, बाविसावा गेला. कोंबडीनं कुठंही तक्रार नोंदवली नाही. दाजींनी आपल्या नोकरीत असा माणूस पाहिला नव्हता.

अठ्ठाविसाव्या दिवशी नवांतली सात निघाली. तपकिरी, मऊ, आणि चोचीच्या जागी जणू उलथनं बसवलेली. कोंबडीनं एकवार मान वाकडी करून पाहिलं. "आमच्याकडं असं नाक कुणाचंच नाही," हा विचार ज्या नजरेत दिसतो, ती नजर बारशाला आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. मग तिनं पंख पसरले आणि सातही आत घेतली. विषय संपला.

पुढचे आठ दिवस दाजींच्या धावपळीचे. बदकाच्या पिल्लाला घास घेताना पाणी लागतं आणि नाकपुड्या धुवायला चोच बुडेल एवढं खोल भांडं लागतं. त्यामुळं खुराड्यात कायम चिखल. शेंगदाण्याची पेंड किंवा मका बुरसटलेला चालत नाही. त्या बुरशीच्या विषापुढं बदकाचं पिल्लू कोंबडीच्या पिल्लाहूनही नाजूक. दाजी मक्याचा दाणा न् दाणा उन्हात धरून बघायचे. स्वतःच्या जेवणातला खडाही त्यांनी कधी एवढा निरखून पाहिला नसेल. शेततळ्याकडं तर फळ्या लावून रस्ताच बंद केला होता. त्या शेततळ्याच्या कागदावर एकदा घसरलेलं बाहेर येत नाही, मग ते बदक असो की कुत्रं.

आणि नवव्या दिवशी दुपारी दोनला लाईट आली.

शेतात लाईट आली की मोटर सुरू होते, मोटर सुरू झाली की पाट वाहतो. मोसंबीच्या कडेनं पाणी खळखळत आलं. कोंबडी पिल्लांना मातीत कसं उकरायचं ते शिकवत होती. सातही विद्यार्थ्यांनी एकदम मान वर केली, वर्ग सोडला आणि रांगेनं पाण्यात उतरली.

त्यानंतर कोंबडीचं जे झालं ते बघवत नव्हतं. पाटाच्या काठानं ती वर धावायची, खाली धावायची, मान ताणून ओरडायची. एकदा पाय पाण्यात घातला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. तिच्या हिशेबी सातही लेकरं डोळ्यांदेखत बुडत होती. लेकरं मजेत गिरक्या घेत होती. भाचा मोबाइलवर चित्रण करत होता. आम्ही सगळे हसलो. हसण्यासारखंच होतं ते. तेवढ्यात आजी बांधावरून आल्या, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "रडू राह्यली ना ती! आन तुम्ही फोटू काढू राह्यले!"

हसणं तिथंच थांबलं. रात्री जेवणावर विषय निघालाच. आपण कोंबडीला फसवलं का?

दाजींनी रीतसर जमाखर्च मांडला. कोंबडीची जमा: बुचकळणं टळलं, उबवण्याची इच्छा पुरी झाली, सात लेकरं, शिवाय दाणापाणी. खर्च: एका दुपारची भीती. शिल्लक भरपूर. ताई म्हणाली, "तिला बदकाची अंडी आहेत हे कळलं असतं तरी ती उठली नसती. मग फसवणूक कसली?" मुद्दा बिनतोड वाटतो. मला मात्र तो घशाखाली उतरेना. जगातल्या प्रत्येक फसवणाऱ्याचं म्हणणं हेच असतं की समोरच्याला ते हवंच होतं.

हा खटला जुना आहे बरं का. रोममध्ये ख्रिस्तपूर्व काळात सिसेरोनं देवांच्या स्वरूपावर जो ग्रंथ लिहिला, त्यात हाच दाखला आहे: बदकाची अंडी कोंबडीखाली ठेवतात, पिल्लं आधी तिला आई मानतात आणि पाणी दिसताच तिला सोडून जातात. निसर्ग किती शहाणा, हे त्यातून दाखवायचं होतं. कोंबडीचं पुढं काय झालं, याला त्या युक्तिवादात जागा नव्हती. त्यानंतर शंभरेक वर्षांनी थोरल्या प्लिनीनं तीच गोष्ट लिहिली आणि तळ्याकाठी कोंबडी आक्रोश करते, हे नोंदवून ठेवलं. पुढं इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसचा स्फोट झाला, तेव्हा हा गृहस्थ नौका घेऊन तिकडंच गेला आणि तिथंच मेला. काठावर कोण ओरडतंय, हे ऐकू येणारा माणूस असावा.

आपल्याकडं तर हा मुद्दा भर दरबारात निघाला आहे. कालिदासाचा दुष्यंत शकुंतलेला ओळख देत नाही, वर तिला कोकिळेचं उदाहरण ऐकवतो: कोकिळा आपली पिल्लं दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेते. हे कुणाला सांगतोय? जिला जन्मदात्यांनी टाकलं, महाभारत म्हणतं त्याप्रमाणं रानात पाखरांनी राखलं आणि कण्वानं वाढवलं, तिला. कण्वाला मात्र पोर कुणाची हे पहिल्यापासून ठाऊक होतं आणि तरी त्यानं तिला उचललं. कोंबडीत आणि कण्वात फरक असेल तर तो एवढाच. त्याला विचारायची सोय होती.

आता इथं "मुलं अमेरिकेला गेली आणि आईबाप काठावर राहिले" असं काहीतरी येणार, असं तुम्हाला वाटलं असेल. येणार नाही. मुलांना पोहण्याचा क्लास आपणच लावलेला असतो, फीसुद्धा भरलेली असते.

मला आठवली ती आमची आत्या. तिचं लग्न झालं नाही. आम्हा पाच भावंडांचं न्हाणंमाखणं, आजारपणं, रात्रीच्या गोष्टी, सगळं तिच्याकडं. "तिला मुलांची आवडच आहे हो," असं घरातलं प्रत्येक मोठं माणूस येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचं. आवड होतीच, त्यात खोटं काही नाही. पण आवड आहे म्हटलं की विचारायचं राहून जातं, ते राहूनच गेलं. मग एकेक करून आम्ही नोकऱ्यांना, सासरी पांगलो, तेव्हा निरोप आईवडिलांचा रीतसर घेतला जायचा. आत्या मागं दारात डबा घेऊन उभी असायची. ती आपल्या कोंबडीसारखी ओरडली नाही, एवढंच.

तेव्हा अंडी बदलली ही फसवणूक मी धरत नाही. माया कुणाची कुणालाही लागू पडते आणि सात पिल्लांना ऊब तर खरीच मिळाली. मला खटकतं ते पिल्लं निघाल्यावर वही मिटण्याचं. पाण्याचा दिवस येणार हे त्या वस्तीवर फक्त कोंबडीला ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं, त्यांनी त्या दिवशी काठावर तिच्या बाजूला असायला नको का?

दाजी माणूस चांगला. मला "वकील" म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी पाटाकडच्या वाटेवर जाळी मारली आणि जनावरांच्या जुन्या घमेल्यात बोटभर पाणी घालून ते मधोमध ठेवलं. कोंबडी कडेवर उभी राहायची, पिल्लं हाताच्या अंतरावर डुंबायची. चार दिवस तिनं आरडाओरडा केला, मग नुसती कुरकुर. दोन-चार मिनिटांत पिल्लांना काढून घ्यायचं काम ताईचं, कारण कोंबडीखाली वाढलेली पिल्लं फार भिजली तर गारठतात. संध्याकाळी सगळी ओलीचिंब तिच्या पोटाखाली शिरायची. ती दर वेळी गार लागून दचकायची आणि दर वेळी पंख आणखी थोडे पसरायची.

दोन महिन्यांनी आजी कोंबडी न्यायला आल्या. दाजींनी एक बदकीण देऊ केली. आजी म्हणाल्या, "मला कशाला पान्यातलं जनावर? पुढच्या येळी इचारा, तिला बसायचं आसंल तं देईन."

पण पुढच्या वेळेसाठी दाजींचा बेत वेगळा आहे. अंडी उबवायच्या विजेच्या यंत्राचं माहितीपत्रक त्यांनी आणून ठेवलं आहे. कुणाला फसवायला नको, कुणाचं देणं नको, वकील नको. मी त्यांना कोनराड लोरेन्झबद्दल सांगितलं. ऑस्ट्रियातला शास्त्रज्ञ, 1973 चं नोबेल मिळालेला. अंड्यातून निघालेलं हंसाचं किंवा बदकाचं पिल्लू सुरुवातीच्या काही तासांत जे हलताबोलताना दिसेल त्यालाच आई समजून त्याच्या मागं लागतं, हे त्यानं दाखवलं. हंसाची पिल्लं त्याच्या मागं मागं फिरायची, तो तळ्यात उतरला की तीही उतरायची. यंत्राचं झाकण दाजीच उघडणार, तेव्हा ही नेमणूक त्यांचीच.

दाजी जरा विचारात पडले आहेत. त्यांना पोहता येत नाही.