विचारलं तर सांगू

आमची पद्मिनी 'एपी १'ची, म्हणजे आदिलाबादची जुनी नोंदणी. कापसाला भाव लागला त्या वर्षी सासऱ्यांनी घेतलेली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर कंपनीची, म्हणून घरात तिला भारी मान. पण सुटे भाग मिळेनात. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तेव्हा आम्हीही विकायची ठरवली.

नेमका त्याच वेळी अल्टरनेटर जळाला. मिस्त्रीने मारुतीचा आणून बसवला, पण ब्रॅकेटची भोकं आणि बोल्ट जुळेनात. जुने बोल्ट दहाचे, बारीक आट्यांचे. दोन आट्यांत सव्वा मिलिमीटर अंतर. आमच्या बाजारात मिळतात त्यांत दीड. असा बोल्ट दोन फेरे सरळ जातो, मग अडतो. पाना लावून दाबला की बसतो, पण आतले आटे खाऊन! शिवाय डोक्यावर आकडा नाही. ८.८ लिहिलेला बोल्ट ४.६ वाल्याच्या दुप्पट ताण सोसतो, हे मला मिस्त्रीनेच ओट्यावर चहा पिताना सांगितलं. "चालतंय वहिनी, पण हा त्यातला नव्हे."

एकाच पट्ट्यावर अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप दोन्ही फिरतात. बोल्ट तुटून पट्टा निसटला तर इंजिनात पाणी फिरत नाही, गाडी तापून भर रस्त्यात उभी.

गिऱ्हाईक पैनगंगेपलीकडचे एक मास्तर. म्हाताऱ्या आईला नागपूरला दवाखान्यात न्यायला गाडी हवी होती. हे म्हणाले, "विचारलं तर सांगू. आपण खोटं कुठे बोलतोय?"

खोटं नव्हतंच. मी तिथेच अडले. आणि पाठशाळेत मुलींकडून घोकून घेतलेला 'प्रतिरूपक व्यवहार' आठवला: चांगल्यात हलकं मिसळून चांगल्याच्या भावात देणं. उदाहरण म्हणून मी नेहमी दुधात पाणी सांगायची, बोल्ट कधी डोक्यात आला नाही. हा अतिचार सत्याच्या व्रतात मोडत नाही, अचौर्याच्या व्रतात मोडतो. इतकी वर्षं शिकवलं, पण असं का, हे स्वतःला विचारलं नव्हतं.

यांचंही अगदीच चूक नव्हतं. "मग काय दाराच्या मुठीपासून सगळं सांगत बसायचं?" मूठ मास्तरांना दिसते हो. पण ज्याचं नावही ठाऊक नाही, ते माणूस विचारणार तरी कसं?

लेक हैदराबादला असतो. त्याला फोटो पाठवला, जुना बोल्ट कुरिअरने धाडला. राणीगंजच्या दुकानदाराने आटे मोजून तसेच दोन दिले, डोक्यावर ८.८. खाल्लेलं भोक इथल्या लेथवाल्याने नीट करून दिलं.

मास्तर आले तेव्हा अल्टरनेटर मारुतीचा आहे, हेही यांनी सांगितलं. मास्तरांनी लगेच दोन हजार कमी केले. तीन दिवस हे माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.