ठिगळाची छत्री

सिंधुदुर्गातल्या एका गावात एक काकी राहायची. तिच्या परड्यात रातांब्याची अकरा झाडं होती. एप्रिल-मेमध्ये फळं पिकून तांबडीलाल झाली की ती उतरवायची, फोडायची, बिया बाजूला काढायची आणि सालं खळ्यात उन्हाला घालायची. सालं सुकली की फळाच्याच रसात मीठ घालून त्यात बुडवायची आणि पुन्हा उन्हात पसरायची. याला पुट देणं म्हणतात. काकी सात पुटं द्यायची. सातव्या पुटानंतर साल काळसर जांभळी होते आणि बोटाने दाबली तर चामड्यासारखी मऊ लागते. हेच आमसूल. तिकडे त्याला सोलं म्हणतात. मीठ घातलेला रस बाटल्यांत भरला की ते आगळ.

हा माल घेऊन ती आठवडाबाजारात बसायची. पिंपळाच्या पाराला पाठ, शेजारी रोवलेला बांबू आणि बांबूला बांधलेली काळी छत्री. छत्रीची एक पाकळी कधीतरी फाटली होती. तिथे काकीने लाल कापडाचं ठिगळ लावलं होतं. बाजाराच्या पार दुसऱ्या टोकावरून ते दिसायचं. निम्म्या गिऱ्हाइकांना काकीचं नाव माहीत नव्हतं. "सोलं ठिगळाच्या छत्रीकडची आण," एवढंच सांगून घरचे पिशवी हातात द्यायचे.

काकीचा पुतण्या शिकून गावी परतला. आठवड्यातून एका सकाळी बसून किती विकलं जाणार, हा त्याचा सरळ प्रश्न होता. मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांना घरबसल्या माल मिळाला तर ते का घेणार नाहीत? त्याने ऑनलाइन दुकान काढलं. मुलगा कष्टाळू होता आणि काकीवर त्याचा जीव होता. हे आधीच सांगायला हवं, कारण पुढे जे चुकलं ते मायेपोटीच चुकलं. आपला माल गावठी दिसू नये, याची त्याला धास्ती वाटत होती.

म्हणून त्याने दुकानाला राजेशाही वाटेल असं इंग्रजी नाव दिलं. काळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी वळणदार अक्षरं, वर मुकुट. इंग्रजी दुकानांत अक्षरं सुटी-सुटी, ऐसपैस मांडलेली त्याने पाहिली होती. तसंच त्याने मराठीलाही केलं. पण आपल्या अक्षरांच्या डोक्यावरून शिरोरेषा जाते. अक्षरांत अंतर घातलं की ती तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. 'आमसूल' चार ठिकाणी विखुरलं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. आमसुलांचे फोटो त्याने आंतरजालावरून उचलले. ते लालचुटुक, चकचकीत आणि दुसऱ्याच कुणाचे होते. वर पाच चित्रं आपोआप सरकत राहायची. किंमत दिसायची 150 रुपये, पण पैसे भरायच्या शेवटच्या पायरीवर टपालखर्च धरून ती 230 व्हायची.

सुरुवातीला ओळखीच्या लोकांनी मागवलं. मग तक्रारी आल्या. "फोटोत लाल होती, आली काळी. जुना माल दिलात का?" असं एकीने लिहिलं. कुणाला फोटोवरून पाकीट अर्ध्या किलोचं वाटलं होतं, हातात आलं 200 ग्रॅमचं. बरेच जण शेवटच्या पायरीवर आकडा बघून परत फिरत होते.

पुतण्याला वाटलं, रूप कमी पडतंय. त्याने बोधचिन्ह बदललं. मुकुट गेला, नारळाचं झाड आलं. दोन महिन्यांनी झाड गेलं, लाट आली. सोनेरीचं हिरवं, हिरव्याचं निळं झालं. ज्यांनी एकदा खुशीने मागवलं होतं, ती माणसंही दुसऱ्यांदा आली तेव्हा चुकलो की काय म्हणून परत गेली. वर्षभरात दुकानाने तीन चेहरे बदलले आणि एकही कुणाच्या लक्षात राहिला नाही.

एका रात्री तो पडवीत मोबाइल घेऊन बसला होता. काकी मागून डोकावली.

"झिला, ह्यां कोणाचां दुकान?"

"आपलंच, काकी."

काकीने फोटो निरखून पाहिला. "माजी सोलां काळी. ही तांबडी खयची?"

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. काकी रागावली नाही. "उद्या माज्यावांगडा बाजारात चल," म्हणाली. "गप बसान बघ."

तो गेला आणि सकाळी सातपासून बारापर्यंत गप्प बसून राहिला. लहानपणापासून शंभरदा पाहिलेलं त्याने त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

काकीने पोतं उघडून सगळा माल समोर ओतला नाही. एका पांढऱ्या इनॅमलच्या ताटलीत मूठभर सोलं पसरली, कारण पांढऱ्यावर जांभळा रंग खरा दिसतो. पाटीवर खडूने भाव लिहिला, तोही इतका मोठा की विचारायला वाकावं लागू नये. गिऱ्हाईक समोर आलं की ती एक सोल उचलायची, अंगठ्याने दाबून दाखवायची आणि तुकडा तोडून त्याच्या तळहातावर ठेवायची. तो चाखेपर्यंत ही सांगून मोकळी व्हायची: औंदाची आहेत, सात पुटांची आहेत, मीठ मुरलेलं आहे, तेव्हा आमटीत मीठ जपून घाला. रंग काळा आहे तो पुटांमुळे. तांबडी असतात ती कमी पुटांची. एका बाईला त्याच दिवशी सोलकढी करायची होती. तिला काकीने सोलं दिलीच नाहीत, आगळाची लहान बाटली घ्यायला लावली.

तिथे काही सजवलेलं नव्हतं. पण गिऱ्हाइकाला जे जे कळायला हवं ते ते दिसत होतं, आणि ज्या क्रमाने हवं त्याच क्रमाने. माझ्या मते दुकानाची मांडणी म्हणजे एवढंच. इंग्रजीतला 'ब्रँड' हा शब्दही मुळात डागण्यावरून आलेला आहे. गुरं हरवली तर कुणाची ते कळावं, म्हणून डागून केलेली खूण. गाय देखणी दिसावी म्हणून कुणी ती डागत नाही.

परतताना पुतण्या म्हणाला, "पण काकी, मोबाइलवर चाखायला कसं देणार?"

"गिऱ्हाइकाक चाखूक गावणा नाय," काकी म्हणाली, "मग डोळ्यांका तरी खरां दाखय."

त्या आठवड्यात त्याने दुकान नव्याने उभं केलं. फोटो रात्री दिव्याखाली काढले तर मिठामुळे आमसुलावर पांढुरकी चमक यायची. तिन्हीसांजेला काढले तर आमसूल नुसतं काळं दिसायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला त्याने तीच इनॅमलची ताटली पडवीच्या कडेला ठेवली. तिथे ऊन थेट पडत नव्हतं, एका बाजूने उजेड तेवढा येत होता. तेव्हा साल अन् साल सुटी दिसली. सुरकुत्या दिसल्या. कडेला, जिथे उजेड आरपार जात होता तिथे, मूळचा लाल रंग दिसला. मग त्याने काकीला अंगठ्याने एक सोल दाबायला सांगितलं आणि तो फोटो पहिला लावला. बोटाशेजारी सोल केवढी आहे ते दिसत होतं, मऊ आहे तेही दिसत होतं. "हात धुवन येतंय थांब," काकी म्हणाली होती. त्याने थांबवलं. बोटांवर सात पुटांचा जांभळा रंग होता, तो त्याला हवा होता.

सरकती चित्रं काढून टाकली. काळ्यावरचं निळं गेलं. भर उन्हात मोबाइलवर ते कुणाला वाचताच येत नव्हतं. त्याजागी पांढऱ्यावर गडद जांभळी अक्षरं आली. मुंबईच्या एक टाइप या अक्षरकारांचं 'मुक्ता' हे वळण कुणालाही विनामूल्य वापरता येतं, ते त्याने घेतलं. शिरोरेषा अखंड ठेवली, आणि खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला भिडू नये एवढं ओळींत अंतर ठेवलं. टपालखर्च किमतीच्या शेजारीच लिहिला. वजन, भरल्याचा महिना, घरचा पत्ता, अन्न परवान्याचा 14 आकडी क्रमांक, जे जे पाकिटावर छापलं होतं ते पानावरही आलं. खाली काकीची बाजारातली वाक्यं जशीच्या तशी उतरवली. सोलकढी आजच करायची असेल तर आगळ घ्या, हेही.

आणि नाव? त्यावर त्याला विचार करावाच लागला नाही. कागदावर पेनाने एक काळी छत्री काढली, एक पाकळी लाल केली, खाली लिहिलं 'ठिगळाची छत्री'. तालुक्याला जाऊन त्याचा रबरी शिक्का करून आणला. खोके साधे तपकिरीच ठेवले, प्रत्येकावर शिक्का मारला. वर्ष झालं, दोन झाली. त्याने शिक्का बदलला नाही. विक्री हळूहळू वाढली. पण त्याला बरं वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. 'काळी का?' हे पत्र पुन्हा आलं नाही.

2025 साली पाऊस 25 मे रोजीच सिंधुदुर्गात पोचला. खळ्यात सालं पसरलेली, चारच पुटं झालेली. घाईघाईने माल आत घेतला आणि चुलीच्या उबेवर जेमतेम सुकवला. रंग तांबूस राहिला. पुतण्या पानासमोर बसून राहिला. सात पुटांवरच तर दुकानाचं नाव झालं होतं, आणि हा तांबूस माल फोटोत उलट जास्त देखणा दिसत होता.

"काय लिहू?" त्याने विचारलं.

"चार पुटां झाली तर चारच लिव," काकी म्हणाली. "आणि भाव उतरय."

त्याने तसंच लिहिलं. यंदा पाऊस लवकर आला, आमसुलं चार पुटांची आहेत, आंबटपणा कमी आहे, टिकतीलही कमी, लवकर वापरा. ताटलीचा नवा फोटो काढून जुन्याच्या जागी लावला. काहींनी त्या वर्षी घेतली नाहीत. बऱ्याच जणांनी घेतली.

27 ऑगस्टला गणपती होते. त्याआधीच्या बाजारात गणपतीवर बांधायच्या माटवीच्या सामानाची ही गर्दी. पाऊस रिपरिपत होता आणि बाजारभर छत्र्याच छत्र्या. मुंबईहून आलेली एक मुलगी एका हातात मोबाइल धरून वाट काढत होती. मोबाइलकडे बघायची, पुन्हा मान वर करून बघायची. पिंपळाजवळ येऊन ती थबकली. लाल ठिगळातून पाण्याचा एक थेंब ओघळून ताटलीच्या कडेला पडला, काकीने तो पदराने पुसला.

मुलीने मोबाइल पर्समध्ये टाकला, काकीसमोर उकिडवी बसली आणि तळहात पुढे केला.