पिस्तूल आणि सातबारा

2 फेब्रुवारी 2024 च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, तेही वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या केबिनमध्ये, कल्याण पूर्वचे भाजप आमदार गणपत गायकवाड यांनी शिंदे गटाच्या शिवसेनेचे कल्याण शहरप्रमुख महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या. वाद होता द्वारली गावातल्या जमिनीचा. सीसीटीव्हीत सगळं टिपलं गेलं आणि आमदारांनी स्वतःच एका वृत्तवाहिनीला फोनवरून गोळीबाराची कबुली दिली. स्वसंरक्षणासाठी गोळ्या झाडल्या, या त्यांच्या म्हणण्याचा निवाडा न्यायालय करील. महेश गायकवाड जबर जखमी झाले, पण वाचले. पुढचे कित्येक दिवस चर्चा रंगली ती युतीतल्या कुरबुरींची आणि कोण कुणाचा माणूस याची. हत्यार परवान्याचं होतं, ही गोष्ट बातमीच्या शेपटाशी एका ओळीत उरकली गेली.

खरं तर विचार व्हायला हवा होता तो त्या ओळीचा. उत्तर महाराष्ट्राच्या सीमेवरच्या उमर्टीकडून येणारे गावठी कट्टे ठाणे-कल्याण पट्ट्यात सारखे पकडले जातात. त्यांच्याबद्दल पोलिसांना जाब विचारता येतो, पण ‘तुम्हीच दिलात’ असं म्हणता येत नाही. परवान्याच्या हत्यारामागे सरकारची सही असते. ती सही कशाच्या जोरावर होते?

कायद्यातली सगळ्यात सोपी अट वयाची आहे. 1959 चा शस्त्र अधिनियम झाला तेव्हा बंदुकीसाठी वयाची सोळा वर्षं पुरेशी होती आणि मतदानाला मात्र एकवीस लागत. म्हणजे पोराच्या हाती बंदूक चालेल, मतपत्रिका नको! 1983 च्या दुरुस्तीने शस्त्राचं वय एकवीसवर नेलं, 1989 मध्ये मताचं वय अठरावर आलं आणि गाडी रुळावर आली. नेमबाजी शिकणाऱ्या मुलांसाठी वेगळी सवलत आहे, ती रास्तच. पण वयाची अट गृहीत धरते की धोका तरुण रक्ताचा आहे. हिललाइनच्या केबिनमध्ये हत्यार काढणारे तीनदा निवडून आलेले लोकप्रतिनिधी होते. आमच्या पट्ट्यात बंदुकीची भाषा बोलणारा माणूस बहुधा चाळिशी-पन्नाशीचा, घरदार असलेला, देवळाच्या जीर्णोद्धाराला देणगी देणारा असतो. जन्मदाखला त्याला अडवत नाही आणि पोलीस ठाण्याचा चारित्र्य-अहवालही सहसा अडवत नाही.

मग उरतो अर्जातला गरजेचा रकाना. घरात आणखी कुणाकडे शस्त्र आहे का, ठेवायला सुरक्षित जागा आहे का, प्रशिक्षण घेतलंय का, हे सगळं विचारून झाल्यावर अर्ज विचारतो की परवाना कशासाठी हवा. 2016 च्या शस्त्र नियमांत या गरजेचं थोडंफार वर्णन आहे: धंद्यामुळे, पेशामुळे किंवा आणखी कशाने जिवाला वा मालमत्तेला खरोखर धोका असलेला माणूस. या ‘आणखी कशाने’मध्ये अख्खं कल्याण मावतं. धमकीची एक एनसी नोंदवून फाईलला जोडली की गरज कागदावर येते. धमकी देणारा आणि धमकावला गेलेला उद्या एकाच जमिनीत भागीदार होतील, हे फाईलला ठाऊक नसतं. कायद्याच्या कलम 14 मध्ये असंही आहे की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. 1959 साली हे लिहिणाऱ्यांच्या मनात साधा माणूस असणार. प्रत्यक्षात तो माणूस आयुक्तालयाच्या परवाना शाखेची पायरीही चढत नाही.

शस्त्र कशासाठी हवं हे सरकारने विचारावं का, नेमका हाच प्रश्न अमेरिकेत 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यूयॉर्क राज्यात शंभरावर वर्षं नियम होता की पिस्तूल अंगावर बाळगायचं तर खास कारण दाखवा. न्यायालयाने तो रद्द केला. शस्त्र हा तिथे घटनेने दिलेला हक्क आहे आणि हक्क वापरायला कारण कशाला द्यायचं, असा त्यामागचा विचार. आता तिथे वय, गुन्ह्यांची पार्श्वभूमी, प्रशिक्षण अशा ठरलेल्या अटी पुऱ्या केल्या की परवाना द्यावा लागतो. आपल्याकडे काँग्रेसच्या 1931 च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क होता, कारण 1878 चा इंग्रजांचा शस्त्र कायदा सगळ्यांनाच सलत होता. पण डिसेंबर 1948 मध्ये ह. वि. कामत यांनी घटना समितीत तो हक्क मागितला तेव्हा डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि सूचना फेटाळली गेली. वाटेल त्याने बाजारात जाऊन हत्यार विकत घ्यावं अशा स्थितीत राज्य चालणार कसं, हा त्यांचा मुद्दा होता. तेव्हा ‘का हवं?’ हे विचारायचा पूर्ण अधिकार आपल्या सरकारला आहे. अमेरिकेतल्या राज्यांना तो उरलेला नाही. आणि आपण तो प्रश्न एकदाच विचारतो, तोही कारकुनी पद्धतीने, मग नूतनीकरणापर्यंत विसरून जातो. 2019 च्या दुरुस्तीने दोन गोष्टी एकदम केल्या. एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं, हे बरं झालं. पण परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर गेली.

ठाणे जिल्ह्याच्या या पट्ट्यात पाच वर्षांत काय होतं? भातशेतीच्या जागी टॉवर उभा राहतो. सातबाऱ्यावरच्या वारसांतल्या एका भावाने विकलेलं असतं, दुसऱ्याने सही केलेली नसते, तिसरा कुळ असल्याचं सांगत येतो आणि कुंपण घालायला चौथ्याचीच माणसं जातात. अशा जागी पिस्तूल रक्षण करत नाही, वाटाघाटी करतं. हळदीच्या मांडवात बघावं. नियम सांगतो की हत्यार होल्स्टरमध्ये, झाकलेलं हवं, मिरवायचं नाही. पाहुणा खुर्चीवर टेकताना सफारीचा काठ अलगद मागे सारतो, कमरेचा चामडी पट्टा बोटभर दिसतो, आणि शेजारचा आपली खुर्ची आपणहून थोडी सरकवतो. नियम मोडला असं कुणी म्हणू शकणार नाही. काम मात्र झालेलं असतं. नोव्हेंबर 2022 मध्ये अंबरनाथला बैलगाडा शर्यतीच्या वादातून गोळीबार झाला, तो याच मिरवण्याचा पुढचा अंक.

माझं म्हणणं असं की परवान्याचं कारण जिवंत आहे का, हे सरकारने मध्येच तपासावं आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की पोलीस परवानाधारकांची यादी काढतात, छाननी समिती बसते, गुन्हे दाखल असलेल्यांना, आधीच्या दंगलीत नाव आलेल्यांना हत्यार जमा करायला सांगतात. म्हणजे माणसाची परिस्थिती बदलली की हत्याराचा धोका बदलतो, हे शासनाला पक्कं ठाऊक आहे. मग जमिनीच्या वादात जो परवानाधारक पक्षकार झाला, ज्याच्याविरुद्ध ताबा घेतल्याची तक्रार आली, त्याचं हत्यार वाद मिटेपर्यंत जमा का नसावं? सार्वजनिक शांततेसाठी परवाना निलंबित करायचा अधिकार कलम 17 देतंच. हिललाइनला दोन्ही गट आले होते ते त्याच जमिनीच्या तक्रारीसाठी. मॉलच्या दारात आपण पिशवी उघडून दाखवतो. पोलीस ठाण्याच्या दारात कुणी कंबर तपासली नाही.

यावर व्यापारी मित्र म्हणतात, खंडणीचा फोन येतो तेव्हा कायद्याचं कलम उपयोगी पडत नाही. खरं आहे, आणि ज्याला असे फोन येतात त्याच्या गरजेवर मला शंका घ्यायची नाही. त्याच्या परवान्यालाही ही छाननी बाधणार नाही, कारण त्याचं कारण तपासल्यावरही टिकेल. दुसरी शंका अधिक बोचरी आहे: हे अधिकार पोलिसांच्या हाती दिले की विरोधकाचंच हत्यार जमा होईल. होईलही. म्हणून निलंबनाचं कारण लेखी हवं आणि त्यावर अपील हवं, तशी कायद्यात सोय आहे. पण अपील वर कुणाकडे जातं तेही बघावं लागतं. 2025 मध्ये पुण्यातल्या एका कुख्यात गुंडाच्या भावाला पोलीस आयुक्तांनी नाकारलेला परवाना गृहराज्यमंत्र्यांनी अपिलात मंजूर केला. तो त्याच्या हाती पडला नाही, एवढंच.

शिवाय इथलं प्रत्येक हत्यार इथल्याच परवान्याचं असतं असंही नाही. हिललाइननंतर सहाच दिवसांनी दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा फेसबुक लाइव्ह चालू असताना खून झाला. हत्यार मारेकऱ्याचं नव्हतं, त्याच्या अंगरक्षकाचं होतं आणि परवाना उत्तर प्रदेशातला. 2016 अखेर देशातल्या 33 लाखांवर परवान्यांपैकी पावणेतेरा लाख एकट्या त्या राज्यात होते. ठाणे-डोंबिवलीत सराफाच्या दुकानाबाहेर दुनळी घेऊन बसलेल्या रखवालदाराला विचारलं तर परवाना बहुधा त्याच्या गावचा निघतो. गावाकडे स्वसंरक्षणासाठी मिळालेला कागद इथे पोटापाण्याचं साधन झालेला असतो. त्याच्या गरजेचं काय झालं, हे त्याच्या जिल्ह्याला कळायला मार्ग नाही, आणि ठाण्याचं आयुक्तालय तो परवाना देत नसल्यामुळे ते विचारत नाही.