तोच संगणक?

सबंध नवा संगणक घेण्याइतकी ऐपत नसल्यामुळे, मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एवढेच बदलून पेटी, वीजपुरवठ्याचा भाग व पडदा कायम ठेवावा, असा निर्णय मी लॅमिंग्टन रोडवरील दुकानात उभ्या उभ्या घेतला. आणि घरी, पंख्याच्या पात्यांवर साचलेली धूळ रंगाच्या कुंचल्याने झाडीत असताना, हा संगणक आता तोच राहिला काय, हा प्रश्न मनाला बिलगला. मिलिंद राजाला नागसेन स्थविरांनी रथाच्या दृष्टांताने दाखविले होते, की आस, चाक, जू यांपैकी एकही रथ नव्हे आणि त्यांच्यावेगळा रथही कोठे नाही. विंडोजच्या परवान्याचा कायदा मात्र अधिक निःशंक आहे : यंत्राबरोबर मिळालेला परवाना मदरबोर्डाशी बांधलेला असतो, मदरबोर्ड बदलला, की दप्तरी यंत्र नवे. मला नागसेनांचेच म्हणणे पटते. तरीही ज्या हार्ड डिस्कवर वडिलांच्या हिशेबवह्यांची छायाचित्रे आहेत, ती नव्या एसएसडीवर तंतोतंत उतरवून घेतल्यावरही जुनी डिस्क टाकून देववेना. बिंदू न् बिंदू नव्या जागी उमटलेला असताना त्या तबकड्यांत काय उरते, हे तर्काने सांगता येत नाही. ती मी धुतलेल्या रुमालात गुंडाळून, वह्यांशेजारी, कपाटात ठेवली आहे.