झाकण मिटलंय, पण आत काय चालू आहे?



आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ६ आणि ७

दोन्ही श्लोकांचा भाव साध्या भाषेत सांगतो. सहाव्यात भगवंत म्हणतात, जो हात-पाय-वाणी आवरून गप्प बसतो, पण मनानं विषयांतच फिरत राहतो, तो स्वतःची फसवणूक करतो. त्याच्या वागण्याला शब्द आहे मिथ्याचार. सातव्यात लगेच दुसरी बाजू येते. जो मनानं इंद्रियांना लगाम घालतो आणि आसक्ती न ठेवता कामाला लागतो, तो श्रेष्ठ.

हे श्लोक मी कितीदा वाचलेत याची मोजदाद नाही. पण सहावा श्लोक मला खरा कळला तो सांगलीच्या घरात, एका मिटलेल्या लॅपटॉपमुळे.

शुक्रवार होता. सकाळच्या एसटीनं पुण्याहून सांगलीला आलो होतो, घरूनच काम करत होतो. ऑफिस सातला सुटतं. साडेसहाला बाबांनी देवापुढे दिवा लावला आणि म्हणाले, "ये रे, हरिपाठाला बस." आई गेल्यापासून ते एकटेच म्हणतात, म्हणून मी आलो की त्यांना बरं वाटतं. मी लॅपटॉपचं झाकण मिटलं, बाजूच्या स्टुलावर ठेवला आणि हात जोडून बसलो.

फक्त एक गोष्ट केली होती. झाकण मिटलं तरी लॅपटॉप झोपू नये अशी सेटिंग. शिवाय माउस हलतोय असं भासवणारं एक छोटं सॉफ्टवेअर चालू ठेवलं होतं, म्हणजे ऑफिसच्या चॅटवर माझ्या नावापुढचा हिरवा ठिपका हिरवाच राहणार. साहेबांना वाटणार मी कामाला बसलोय. बाबांना वाटणार मी हरिपाठाला बसलोय.

आणि मी कुठे होतो? माझा कान त्या स्टुलाकडे होता. मेसेज आला असेल का? कोणी कॉल लावला तर?

हरिपाठ झाल्यावर बाबा काहीतरी बोलत होते. मी "हो, हो" म्हणत होतो. मध्येच ते थांबले आणि स्टुलाकडे बघून म्हणाले, "ते झाकलंय ना? मग घरघर कशाची?"

"पंखा आहे बाबा त्याचा. आत काम चालू आहे."

"असं होय," म्हणाले आणि उठले.

आठ दिवसांनी फोनवर कळलं की आईच्या पाटल्या मोडल्या. तिच्या वर्षश्राद्धाला तिच्या जुन्या शाळेला पैसे द्यायचे होते. मी चिडलो. म्हटलं, "मला एकदा विचारायचं तरी!" पलीकडून अगदी शांत आवाज आला, "विचारलं होतं की रे. त्या दिवशी हरिपाठानंतर. तू हो म्हणालास."

मित्रांनो, पैसे शाळेला गेले याचं मला वाईट वाटलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हणालोही असतो. पण तो "हो" माझा नव्हता. आईच्या शेवटच्या दागिन्याबद्दल बाप मुलाशी बोलत होता आणि मुलाच्या जागी एक हिरवा ठिपका बसला होता.

आता जरा लॅपटॉपबद्दल. बहुतेक लॅपटॉपच्या झाकणात एक छोटं चुंबक असतं आणि खालच्या भागात ते ओळखणारा सेन्सर. चुंबक जवळ आलं की लॅपटॉपला कळतं, झाकण मिटलं. त्याला एवढंच कळतं. पुढे काय करायचं, झोपायचं की जागं राहायचं, हे आपण आधी काय ठरवून ठेवलंय त्यावर अवलंबून. आपलंही असंच आहे. हात जोडणं, डोळे मिटणं ही चुंबकाची खूण झाली. आत काय होणार ते आधीच्या सेटिंगवर ठरतं. माझ्या आतली सेटिंग होती, "काहीही झालं तरी चालू राहा."

मग वाटलं, मिटलेलं झाकण आणि आत चालू काम, हेच मुळात चूक का? म्हणून पुढच्या खेपेला साताऱ्याला उतरलो, मित्राकडे. त्याच्या घरी माळ्यावर एक जुना लॅपटॉप आहे, कायम मिटलेला आणि कायम चालू. घरातल्या सगळ्यांचे फोटो, आजोबांच्या कीर्तनांची रेकॉर्डिंग्ज त्यावर असतात. कोणीही कुठूनही मागितलं की तो देतो. मी माझी गोष्ट सांगितली तर तो हसला. म्हणाला, "अरे, माझाही मिटून जागाच आहे. पण त्याला चार्जर कायम लावलेला आहे, राउटरला वायर जोडलीय, खाली लाकडी पट्ट्या ठेवून हवा खेळती ठेवलीय, आणि काम एकच दिलंय. तुझा बॅटरीवर, दप्तरात कोंबलेला आणि दहा कामं डोक्यावर. तापणारच!"

हे मनात घर करून राहिलं. कारण आपल्या संतांनी शिकवलंय तेही मिटलेल्या झाकणाआडचं जागेपणच आहे! याच सातारा जिल्ह्यातल्या गोंदवल्याचे श्रीब्रह्मचैतन्य महाराज (१८४५–१९१३) लोकांना प्रपंच सोडायला सांगत नव्हते. प्रपंच नीट करा आणि आत नाम चालू ठेवा, हीच त्यांची शिकवण. गीतेच्या आठव्या अध्यायातल्या सातव्या श्लोकातही अर्जुनाला सांगितलंय की सर्वकाळ माझं स्मरण ठेव आणि युद्धही कर. बाहेर एक, आत एक. मग मिथ्याचारी आणि नामधारक यांत फरक काय? बाहेरून तर दोघंही सारखेच दिसतात!

मला सुचलेला फरक असा. नाम आत चालू असलं की माणूस समोरच्याला जास्त मिळतो. त्याच्या आत भीती कमी असते, म्हणून कान मोकळे असतात. माझ्या आत जे चालू होतं त्यानं मला बाबांपासून तोडलं, ऑफिसपासूनही तोडलं, कारण काम तर मी तेव्हा करतच नव्हतो. आत जे चालू आहे त्यानं समोरचा माणूस जवळ आला की दूर गेला, एवढं तपासलं तरी कळतं.

दुसरी गोष्ट खंबाटकीनं शिकवली. त्याच शुक्रवारनंतरच्या रविवारी सांगलीहून पुण्याला परत येत होतो. लॅपटॉप तसाच चालू, दप्तरात, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. बोगद्यात शिरलो आणि रेंज गेली. लॅपटॉप तरीही जागाच होता, मांडीवर दप्तराची ऊब लागत होती. म्हणजे जागं होतं, पण जोडलेलं नव्हतं. नुसतीच बॅटरी जळत होती.

आपल्या भाषेत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. जागं असणं म्हणजे अवधान, जोडलेलं असणं म्हणजे अनुसंधान. परंपरा सांगते की लग्नाच्या बोहल्यावर "सावधान" हा शब्द ऐकून नारायण उठला, आणि पुढे तोच समर्थ रामदास झाला. १६८२ साली ज्यांनी सज्जनगडावर देह ठेवला ते हे समर्थ. तो शब्द त्या मांडवात सगळ्यांनीच ऐकला असेल ना? जागे सगळेच होते. जोडला गेला तो एकच. रात्री दोनपर्यंत जागे असणारे आपण, कशाशी जोडलेले असतो?

वर्षश्राद्धाला सांगलीला गेलो तेव्हा बाबांना सगळं सांगितलं. हिरवा ठिपका, माउसचं सॉफ्टवेअर, सगळं. बाबा आयुष्यभर मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. रागावले नाहीत. म्हणाले, "हरिपूरची पेवं आठवतात का तुला? जमिनीतला खोल खड्डा. हळद भरायची आणि तोंड बंद करायचं. बंद म्हणजे बंद. आत हवा राहत नाही म्हणून कीड जगत नाही, म्हणून हळद टिकते. रोज उघडून बघणाऱ्याची टिकेल का?" थोडं थांबून म्हणाले, "आणि उघडल्यावरही लगेच आत उतरायचं नसतं. आतली हवा जीव घेते. आधी जरा वेळ जाऊ द्यायचा."

म्हणजे सगळंच सतत चालू ठेवायचं नसतं. काही वेळ खरोखर बंदच व्हायचं असतं. आपल्याला भीती वाटते की मिटलं तर सगळं जाईल. पण लॅपटॉप झोपला तरी मेमरीला थोडी वीज मिळत राहते, उघडलात की काम होतं तिथेच सापडतं. एवढा विश्वास आपण यंत्रावर ठेवतो. भगवंतावर अर्धा तास ठेवता येत नाही?

मी काय केलं ते सांगतो, उपदेश म्हणून नाही. ते सॉफ्टवेअर काढून टाकलं. साहेबांना स्पष्ट सांगितलं की साडेसहा ते सव्वासात मी नसेन, राहिलेलं काम नंतर करीन. ते "बरं" म्हणाले, पण त्या वेळेत मीटिंग दोनदा लागलीच. एकदा मी गेलो नाही. एकदा जावंच लागलं, तेव्हा बाबांना सांगून उठलो, झाकण उघडलं आणि उघडपणे काम केलं. त्या दिवशी हरिपाठ चुकला, पण खोटेपणा झाला नाही. खरं सांगू, चुकलेल्या हरिपाठाची मला लाज वाटत नाही. त्या शुक्रवारच्या "झालेल्या" हरिपाठाची वाटते.

लॅपटॉपची सेटिंगही बदलली. झाकण मिटल्यावर काय करायचं ते बॅटरीवर असताना एक आणि चार्जर लावलेला असताना दुसरं, असं वेगवेगळं ठेवता येतं. माझा आता बॅटरीवर असेल तर झोपतो. रात्रभराचं मोठं काम असेल तर चार्जर लावून, टेबलावर, हवेशीर जागी जागा राहतो. मनासाठीही हाच नियम धरलाय. नामाला जोडलेला असेन तर कितीही वेळ चालू राहीन. नुसत्या स्वतःच्या जोरावर, भीतीपोटी चालू असेन, तर मिटायचं आणि झोपायचं.

आजचा छोटा संकल्प: आज घरातलं कोणी बोलायला आलं की फोन पालथा घालण्याआधी एकदा आत डोकावा. काय चालू आहे? ते थांबवता येत असेल तर थांबवा. येत नसेल तर खरं सांगा, "दहा मिनिटं दे, मग पूर्ण तुझाच." आणि दहा मिनिटांनी खरंच या.

आईवडिलांशी शेवटचं नीट बोलणं कधी झालं, तेही आज आठवून बघा.

॥ श्रीराम समर्थ ॥