बेत मोडला, सण नव्हे

डिसेंबर 2020. कोविडमुळे मुंबईची लोकल अजून सर्वांसाठी खुली नव्हती आणि महापालिकांच्या हद्दीत रात्री 11 ते सकाळी 6 संचारबंदी होती. आसनगावला गाडी पकडून किंवा मुरबाडहून कल्याण गाठून नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला जाणं शक्यच नव्हतं. अशा वेळी सण घरीच होतो. दारावर कागदी चांदणी लागते, आजी प्रार्थना सांगते, मुलं करंजीला मुरड घालायला शिकतात.

पहिला नाताळ तरी ठरल्याप्रमाणे कुठे झाला? रोमन सम्राटाने नावनोंदणीचा हुकूम काढला, दिवस भरत आलेल्या मरियेला नासरेथहून बेथलेहेमला यावं लागलं. उतारशाळेत जागा नव्हती. बाळाला गव्हाणीत निजवलं.

बेत मोडला की आपण हिरमुसतो. आज हाताशी जे उरलंय, त्यात आणखी कुणाला सामावून घेता येईल, तेवढं पाहू या.